वसतिगृहाच्या आधी नळाची पाळी त्याच्याकडे द्या

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही राहतो. मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र आहे, मी पतसंस्थेत नोकरीला आहे. घरात सासूबाई, नववीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. मुलगा अभ्यासात हुशार आहे, वर्गात पहिल्या पाचात असतो. पण घराबाहेर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. परवा कोपऱ्यावरून दही आणायला पाठवलं, तर दुकानात मोठी माणसं उभी होती म्हणून तसाच परत आला. दप्तर अजून मी भरते, अंघोळीचं पाणी सासूबाई काढून देतात, जेवताना घासही भरवतात. मी काही बोलले की म्हणतात, "लेकराला कशाला कामाला लावायलीस? आम्ही मेलो का?" वडिलांच्या दुकानात बसला की मात्र कोणतं सोयाबीन कुठल्या थप्पीला आहे हे गिऱ्हाइकाला बरोबर सांगतो. मुलीचं काही टेन्शन नाही, ती समजदार आहे. नळाचं पाणी, सकाळचा चहा, माझा डबा, सगळं बघते. मुलाला दहावीनंतर नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीसाठी लातूरला ठेवायचं आहे. हा एकटा कसा राहील या विचाराने मला झोप लागत नाही. मिस्टर म्हणतात, सातवीपासूनच निवासी शाळेत टाकू, आपोआप धीट होईल. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं बघ, दहा वर्षांची पोरगी घर सांभाळते. मला ते पटत नाही, पण घरी ठेवून त्याच्यात काही फरक पडेल असंही वाटत नाही. काय करावं?
– एक आई

उत्तर :

ताई,

दह्याचा प्रसंग तुम्ही काळजीने लिहिलाय. सोयाबीनचं वाक्य मात्र ओघात लिहून पुढे गेलात. मी पत्र वाचताना त्या वाक्यापाशीच थांबले. मृगाच्या आसपास कृषी केंद्रात काय झुंबड असते हे तुम्हाला सांगायला नको. काउंटरपाशी पाच-सहा शेतकरी उभे, कुणाला सोयाबीनचं जेएस 335 वाण पाहिजे, कुणाला फुले संगम, कुणी परभणी विद्यापीठाचं एमएयूएस 612 आलं का विचारतंय, कुणी मागच्या उधारीचा विषय काढतंय. तशा गर्दीत हा मुलगा मोठ्या माणसाला "ते आतल्या थप्पीला आहे" असं सांगतो. मग त्याला बोलता येत नाही, हे काही खरं नाही. जिथली त्याला खडान् खडा माहिती आहे तिथे तो बोलतो. जिथलं काहीच ठाऊक नाही तिथून परत फिरतो. मोठी माणसंही वेगळं काय करतात? तहसीलमध्ये पहिल्यांदा गेलेला माणूस कोणत्या खिडकीला उभं राहायचं हे न कळून भिंतीला टेकून उभा राहतोच की.

दह्याच्या दुकानात त्याच्या मनात काय चाललं असेल ते बघा. पुढे कसं सरकायचं, कुणी मध्येच घुसलं तर काय म्हणायचं, दुकानदाराने "सुटं देऊ का पाकीट?" विचारलं तर काय सांगायचं, परत किती पैसे येतील, कमी आले तर भांडायचं का. यातलं एकही त्याने स्वतः केलेलं नाही. आजवर दही घरात आपोआप येत गेलं. त्यात आता बहुतेक व्यवहार मोबाइलवर होतात. आई-वडील फोन पुढे करतात, टिंग वाजतं, सामान हातात. पैसे मोजणं, सुटे मागणं, हिशेब चुकला तर थांबवणं हे मुलांच्या डोळ्यांसमोर घडतच नाही. मग ते शिकणार कुठून?

म्हणून पहिली विनंती. "हा लाजाळू आहे", "याला बोलायला नको" ही वाक्यं पाहुण्यांसमोर, शिक्षकांसमोर, त्याच्या देखत बोलणं आजपासून बंद करा. मूल ती ऐकतं आणि धरून ठेवतं. पुढच्या वेळी दुकानातून परत येताना त्याच्याजवळ आयतं कारण असतं, आणि ते त्याला आपणच दिलेलं असतं.

दुसरी गोष्ट पहिल्या पाचांतल्या नंबराची. 1998 साली अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तुमच्या मुलाच्याच वयाच्या मुलांवर केलेला एक प्रयोग बराच गाजला. मुलांना कोडी सोडवायला दिली. सुटल्यावर काहींना "तू हुशार आहेस" असं म्हटलं, काहींना "तू चांगली मेहनत घेतलीस" असं म्हटलं. नंतर पुढचं काम निवडायला सांगितलं, तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी आपली हुशारी शाबूत राहील असं सोपं काम निवडलं. मेहनतीचं कौतुक झालेल्यांनी मात्र ज्यातून काही शिकायला मिळेल असं अवघड काम घेतलं. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन दोन्ही गटांना अपयश दाखवलं, तर त्यानंतर हुशार म्हटलेली मुलं आधीपेक्षाही मागे पडली. तुमच्या घरात, शेजारात, नातेवाइकांत "लई हुशार पोरगं" हे किती वेळा म्हटलं जातं ते मोजून पाहा. ज्याला सतत हुशारच दिसायचं आहे त्याला दह्याच्या दुकानात चुकणं परवडत नाही. तो न जाणंच पसंत करतो. तेव्हा मार्कांचं कौतुक थोडं आवरा. "आज दोनदा चुकलास तरी सोडलं नाहीस" हे म्हणायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्या.

आता निवासी शाळेबद्दल. तुमच्या मिस्टरांचा हेतू चांगला आहे हे मला कळतं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच ऐकत आलोय की बाहेर टाकलं की पोरगं घडतं. पण निवासी शाळेत दिवस कसा जातो ते बघा. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की रांगेत जेवायचं, घंटा झाली की अभ्यासाला बसायचं, दिवा गेला की झोपायचं. मूल शिस्तीला लागतं, कपडे धुवायला शिकतं, ताट उचलायला शिकतं. हे नक्की होतं आणि ते कमी नाही. पण काय करायचं, कधी करायचं, चुकलं तर कसं निस्तरायचं हे तिथेही त्याला दुसरं कुणीतरीच सांगत असतं. घरी आजी ठरवते, तिथे अधीक्षक ठरवतील. शिवाय जे मूल दुकानदाराला "दही द्या" म्हणू शकत नाही, ते पोट दुखतंय, कुणी मारतंय, पांघरूण चोरीला गेलंय हे अनोळखी अधीक्षकाला सांगेल का? आधी सांगता आलं पाहिजे, मग दूर पाठवता येतं. तुमच्या घरात हा क्रम उलटा होऊ घातलाय, म्हणून तुम्हाला ते पटत नाही. तुमचं न पटणं बरोबर आहे.

निवासी शाळा वाईटच असतात असं मी म्हणत नाही. जवाहर नवोदय विद्यालयांतून मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली किती तरी मुलं पुढे गेली. पण तिथली सहावीची परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते, ती वेळ तुमच्या मुलाची गेली. नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, तोवर तुमच्या हातात वेळ आहे. खासगी निवासी शाळा बघणारच असाल तर मैदान आणि इमारत बघून येऊ नका. रात्री मुलांजवळ मोठं माणूस कोण झोपतं, मुलाला मनात येईल तेव्हा घरी फोन करता येतो का, आई-वडील न कळवता आले तर भेटू देतात का, आजारी पडल्यावर काय करतात, हे विचारा. जेवणाच्या वेळेला जा आणि मुलांच्या पंगतीत बसून जेवा. "आमच्याकडे मार दिल्याशिवाय पोरं सरळ होत नाहीत" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर तिथून उठून या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातलेली आहे.

ऊसतोडीच्या उदाहरणाबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचं आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, जालना, परभणीकडून बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आधी घेतलेली उचल फेडायची, पहाटे अंधारात फड गाठायचा. मागे राहिलेली दहा वर्षांची पोरगी भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, सोबत गेलेली पोरगीही तेच करते, फक्त तिची शाळाही बुडते. ही पोरं मागे राहून शिकावीत म्हणून सरकारला हंगामी वसतिगृहं चालवावी लागतात. त्या पोरीला कुणी विचारलेलं नसतं, तिच्यापुढे दुसरा मार्गच नसतो. तिची हिंमत मोठी आहे, तिला मी हात जोडते. पण ती आपल्या घरात धडा म्हणून सांगायची गोष्ट नाही. आपल्या मुलाला कमी दिलंय म्हणून तिच्यावर पडलेल्या ओझ्याचं कौतुक करायचं, हे मला मान्य नाही. तिला थोडं बालपण मिळायला हवं होतं. तुमच्या मुलाला थोडं काम मिळायला हवं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग कोणतं काम? इथे बहुतेक घरांत जरा गडबड होते. मुलाला "काम" म्हणून चपला नीट ठेव, टीव्हीवरची धूळ पूस असलं काहीतरी दिलं जातं. त्याला चार दिवसांत कळतं की हे नाही केलं तरी कुणाचं काही अडत नाही. मुलाला कणा येतो तो त्याच्यावाचून खरोखर अडणारं काम त्याच्या हातात आल्यावर. तुमच्या घरात असं एक काम आहे. नळाचं पाणी.

आठवड्याने येणाऱ्या नळाची किंमत लातूरकडच्या घराला कळते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो हा जिल्हा. पाण्याची पाळी ही तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची जबाबदारी आहे, आणि ती आज मुलीकडे आहे. ती मुलाकडे द्या. अर्धी नको, "ताईला मदत कर" असंही नको. पूर्ण द्या. पाणी कधी सुटणार हे पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारणं त्याचं काम. बघा, अनोळखी मोठ्या माणसाशी बोलणं इथे आपसूक आलं, आणि त्याला ते बोलणं स्वतःच्या गरजेने करावं लागणार आहे. गजर लावणं त्याचं. पहिलं गढूळ पाणी बादलीत काढून अंगणाला, झाडांना घालायचं. मग पिण्याचं पाणी कपड्याने गाळून पिंपात भरायचं, मग हौद, मग ड्रम, हा क्रमही त्याने लक्षात ठेवायचा. पाइप निसटला तर फडकं बांधायचं. मोटारीचं बटण मात्र मोठ्यांनीच दाबायचं, ओल्या हाताने त्याने बोर्डाला शिवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठाम सांगा.

सुरुवातीच्या एक-दोन पाळ्यांना त्याचे वडील सोबत राहोत. मुद्दाम वडील म्हणतेय. त्यांनी करून दाखवावं, पुढच्या वेळी नुसतं शेजारी उभं राहावं, त्याच्या पुढच्या वेळी आत चहा घेत बसावं. आणि तो कधीतरी विसरेल, हे आत्ताच धरून चाला. गजर बंद करून झोपेल, किंवा खेळात राहील आणि नळ जाईल. त्या दिवशी घराचं सगळं बिघडू नये म्हणून एक ड्रम आधीच भरून बाजूला ठेवा. त्याच्या चुकीने अडचण व्हायला हवी, आपत्ती नको. मग तीन-चार दिवस अंघोळी एका बादलीत, भांडी कमी पाण्यात, आणि कुणीही त्याला टोमणा मारायचा नाही. "आता काय करू या?" एवढंच विचारायचं. शेजाऱ्यांकडून दोन कळश्या मागून आणायच्या असतील तर तो जाईल. टँकर बोलवायला फोन उचलू नका. "मी आधीच सांगत होते" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. चूक निस्तरून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे दिसेल ते शंभर वेळा शाबासकी देऊनही येत नाही.

शाळेतली एक गोष्ट सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळांत बाल आनंद मेळावा भरतो, मुलं घरून काही ना काही आणून विकतात. मी शिक्षिका असताना एका मेळाव्यात चिवड्याच्या पुड्या घेऊन एक मुलगा बसला होता. मागे त्याची आई उकिडवी बसलेली. गिऱ्हाइकाने भाव विचारला की उत्तर आई देई, पैसे आई घेई, सुटे आई काढी. पुड्या सगळ्या संपल्या, पण त्या पोराच्या हाताला एक नाणं लागलं नाही. शेजारी पाचवीतली एक मुलगी हरभऱ्याचे डहाळे घेऊन एकटीच. तिने एकाच माणसाला दोनदा सुटे दिले, हिशेब कमी भरला, रडवेली झाली. मग तिने सगळे पैसे जमिनीवर मांडले, नोटा एका दगडाखाली आणि नाणी दुसऱ्या दगडाखाली ठेवली, आणि पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "थांबा, मोजू द्या" म्हणायला लागली. कुणी घाई केली तरी मान वर न करता मोजत राहिली. त्या दिवशी कमाई चिवड्याची जास्त झाली. शिकली ती डहाळेवाली.

दह्याकडे परत येऊ. त्याला एकदम एकट्याला ढकलू नका. आधी दुपारी, गर्दी नसताना, तुम्ही दोघं जा. तुम्ही मागा, तो बघेल. दुसऱ्या खेपेला तुम्ही सोबत, पण मागेल तो. मग तुम्ही दुकानाबाहेर. मग तो एकटा, रिकाम्या वेळेला. मग संध्याकाळच्या गर्दीत. प्रत्येक पायरीला किती दिवस लागतील हे त्याच्यावर सोडा. कुणाचं आठ दिवसांत होतं, कुणाला दोन महिने लागतात. रोख पैसे द्या आणि हिशेब मागा, पण चौकशी केल्यासारखा नको. परत आलेले दोन-तीन रुपये त्याचे. दुकानदार ओळखीचा असेल तर आधी कानावर घाला की पोरगं अडखळलं तरी थांबा. आपल्या गावांत माणसं तेवढं करतात. फक्त दुकानदाराने ते त्याला सांगू नये.

दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाचं आणि स्वतःच्या सहीने चालणारं बचत खातं काढता येतं, 500 रुपयांत उघडतं. मामाने दिलेले, दिवाळीचे, ओवाळणीचे पैसे तिथे ठेवू द्या. स्लिप त्यालाच भरू द्या, चुकली तर दुसरी भरेल. सही जुळवणं, खिडकीशी थांबणं, "पासबुक भरून द्या" म्हणणं, लातूरला जाऊन त्याला हेच करायचं आहे. तिथे क्लासमध्ये शे-दोनशे मुलांत "सर, मला हे कळलं नाही" म्हणता आलं पाहिजे, मेसचं जेवण बिघडलं तर मालकाला सांगता आलं पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "आई, माझं बरं चाललेलं नाही" हे फोनवर वेळेत सांगता आलं पाहिजे. या शेवटच्या गोष्टीची तयारी घरातच होते. तो रडला, हरला, मार्क कमी पडले, तेव्हा तुम्ही आणि त्याचे वडील काय बोलता यावर ती ठरते.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक विचारते. नीटची परीक्षा द्यायची हे ठरवलंय कुणी? तो सहावीत आहे. बी-बियाण्यात रमणाऱ्या मुलाला उद्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची वाट आवडेल, किंवा आणखी तिसरंच काही. लातूरला जाऊच नये असं नाही. पण चार-पाच वर्षं आधी त्याचं आयुष्य ठरवून टाकायचं आणि वर त्याने स्वतंत्र व्हावं अशी अपेक्षा करायची, हे जमणार नाही. त्याला छोटे निर्णय घेऊ द्या. कोणता शर्ट, अभ्यास आधी की खेळ, वाढदिवसाला कोण. आणि यंदाच्या येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जेवायला वर्गातल्या दोन मित्रांना बोलवायचं काम त्याला द्या. त्यांच्या घरी जाऊन आमंत्रण त्याने द्यायचं, कोण कुणाच्या गाडीवर येईल ते त्याने ठरवायचं, आंबिलीचा माठ आणि भज्जीचा डबा गाडीत चढला का हेही त्याने बघायचं.

सासूबाईंशी भांडण काढू नका. तुम्ही हराल, आणि हरायलाच हवं, कारण त्या घासात वाईट काही नाही. 1972 चा दुष्काळ ज्या पिढीने पाहिला, सुकडीवर दिवस काढले, तिच्यासाठी लेकराचं पोट आपल्या हाताने भरणं यापेक्षा मोठी माया नाही. ती माया तोडायची नाही, तिला दुसऱ्या दिशेनेही वाहू द्यायचं. त्यांच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर काढून देणं, पाकिटावरचं नाव वाचून दाखवणं, देवळापर्यंत हात धरून नेणं, त्यांचा फोन लावून देणं ही कामं नातवाकडे द्या. "आजी, माझ्याशिवाय तुझं कसं होईल?" असं तो चार दिवसांत म्हणायला लागेल. सासूबाईही शेजारणीला कौतुकाने सांगतील. मग अंघोळीचं पाणी कोण काढतं हा प्रश्न निम्मा सुटलेला असेल. दप्तर मात्र तुम्ही उद्यापासून भरू नका. वही विसरली तर विसरली. शाळेत नेऊन देऊ नका.

शाळेत वर्गशिक्षकांना एकदा भेटा. परिपाठात लगेच भाषण नको, आधी दिनविशेष वाचायला द्या, असं सांगा. कागद हातात असला की पाय कमी कापतात.

थोडं सावधपणाचंही बोलते. तो आधी मोकळा होता आणि गेल्या काही महिन्यांत अचानक गप्प झाला असेल, शाळेत जायला पोटदुखीचं कारण रोज सांगत असेल, झोप, जेवण बदललं असेल, तर हा लाजाळूपणा नाही. कुणी त्रास देतंय का ते शांतपणे विचारा. घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिनोन् महिने एक शब्दही बोलत नसेल तरी समुपदेशकाला दाखवा, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या नंबरवर फुकट बोलता येतं. मुलांच्या मदतीचा 1098 आणि तातडीचा 112, हे दोन्ही नंबर आणि वडिलांचा मोबाइल नंबर दोन्ही मुलांना पाठ असायलाच हवेत.

आता मुलीकडे येते. तुमच्या पत्रात तिच्यासाठी जेमतेम दोन ओळी आहेत. "काही टेन्शन नाही, समजदार आहे." ताई, नळ, चहा आणि तुमचा डबा सांभाळून ती नववीचा अभ्यास करते. ज्या घरात सहावीतल्या मुलाला घास भरवला जातो, त्याच घरात त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी मुलगी पहाटे पाइप धरून उभी असते. तुमच्यात वाईट काही नाही, आपल्याकडे घराघरांत हेच चाललंय. पण मुलं स्वावलंबी व्हावीत असं खरोखर वाटत असेल तर दोघांकडे एकत्र बघावं लागेल. त्याला ना काम मिळालं, ना निर्णय. तिला काम भरपूर मिळालं, पण निर्णय तिच्याही वाट्याला आले नाहीत. ती मैत्रिणीकडे विचारल्याशिवाय जाऊ शकते का? स्वतःच्या पैशाने काही घेते का? "आज मी डबा करणार नाही, माझी चाचणी आहे" असं म्हणू शकते का? समजदार म्हटलेल्या मुली नाही म्हणायला फार उशिरा शिकतात, आणि त्याची किंमत त्यांना पुढे नोकरीत, संसारात मोजावी लागते.

म्हणून नळाची पाळी भावाकडे देताना ती त्याच्यावर देखरेख करणारी होऊ देऊ नका. पाळी गेली की तिची त्यातून पूर्ण सुटका. सकाळचा वाचलेला वेळ तिचा. तो तिने झोपण्यात घालवला तरी चालेल. चहा आठवड्यातून काही दिवस तो करेल, गॅसजवळ आधी तुमच्यासमोर. तिला जे द्यायचं ते वेगळं. तिच्याही नावाचं खातं, सायकल, महिन्याचे थोडे पैसे ज्यांचा हिशेब तुम्ही मागणार नाही. मैत्रिणीसोबत एसटीने लातूरला जाऊन पुस्तकं घेऊन येणं, आणि येताना कोणती गाडी धरायची हे तिनेच ठरवणं. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मंच तिकीट आहे, तेव्हा खर्चाचं कारण उरलेलं नाही. भीती वाटेल, मला माहीत आहे. गाडीत बसल्यावर एक फोन, पोचल्यावर एक, एवढं ठरवा आणि मधले फोन करू नका.

मिस्टरांशी बोलताना "निवासी शाळा नको" असं थेट म्हणू नका, वाद वाढेल. "सातवी घरी होऊ दे, तोवर नळ आणि दुकानाचं तुम्ही त्याच्याकडून करून घ्या, मग त्यालाच विचारू" असं सांगा. शिकवण्याचं काम वडिलांकडे आलं की त्यांनाही दिसेल मुलगा कुठे अडतो आणि कुठे पुढे जातो. दुकानात खताच्या बॅगांची नोंद, स्टॉक मोजणं त्याला द्यायला हरकत नाही. कीटकनाशकांना मात्र हात लावू द्यायचा नाही.

आणि मुलीची दहावी मुलाच्या आधी येते. त्याच्या लातूरची काळजी तुम्ही आत्तापासून करताय, पण दहावीनंतर ती कुठे जाणार याबद्दल पत्रात शब्द नाही. या रविवारी तिला समोर बसवून विचारा, तिला काय करायचं आहे आणि कुठे राहून करायचं आहे. मला परत लिहाल तेव्हा तिचं उत्तरही कळवा.